बव्हेरियाचे दोन लुडविग: आजोबा कोण, नातू कोण

म्युनिकमधला लुडविगश्ट्रासे हा रस्ता ज्याच्या नावाचा, तो लुडविग वेगळा. आल्प्सच्या पायथ्याशी, जणू कॅलेंडरवर छापण्यासाठीच उभारलेला नॉयश्वानश्टाइन किल्ला ज्याने बांधला, तो लुडविग वेगळा. पहिला आजोबा, दुसरा नातू. दोघेही विटेल्सबाख घराण्यातले, दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचे राजे. दोघांनीही कलेपायी पाण्यासारखा पैसा ओतला, आणि दोघांचीही गादी हयातीतच गेली. भरीस भर म्हणजे वाढदिवसही एकच, 25 ऑगस्ट. आजोबा जन्मले 1786 मध्ये, नातू 1845 मध्ये. नातवाचं नाव ओटो ठेवायचं चाललं होतं, पण पोर आपल्याच वाढदिवशी जन्मलंय म्हटल्यावर आजोबांनी लुडविगचा हट्ट धरला. घोळ तिथूनच सुरू झाला म्हणायचा.

कारकिर्दी लागोपाठच्या नाहीत. लुडविग पहिला 1825 ते 1848, मग त्याचा मुलगा माक्सिमिलियान दुसरा, आणि 1864 पासून 1886 पर्यंत लुडविग दुसरा. अठरा वर्षांचा नातू गादीवर बसला तेव्हा आजोबा हयात होते. ते 1868 मध्ये नीस इथे वारले. म्हणजे चार वर्षं बव्हेरियात एक राजा लुडविग आणि एक माजी राजा लुडविग होता. त्या काळातलं पत्र किंवा चित्र समोर आलं की आधी तारीख पाहावी.

ओळखण्याची माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण म्हणजे वास्तू कुणासाठी बांधली, ही. आजोबांनी शहरात, लोकांनी येऊन पाहावं म्हणून बांधलं. युवराज असतानाच त्यांनी प्राचीन शिल्पं जमवायला घेतली आणि ती ठेवायला लेओ फॉन क्लेन्त्सेकडून ग्लिप्टोथेक बांधून घेतलं (1816 ते 1830). त्यातला मोठा ऐवज म्हणजे ग्रीसच्या एजिना बेटावरच्या मंदिराची शिल्पं. ती 1812 मध्ये लिलावात मिळाली, पण तुटलेल्या अवस्थेत. मग थोरवाल्डसेन या डॅनिश शिल्पकाराने नवे संगमरवरी हात, पाय, डोकी घडवून ती ‘पूर्ण’ केली. तेव्हाच्या रुचीला ते पटलं. पुढे अभ्यासकांना जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं हेच कळेना, काही अवयव चुकीच्या पवित्र्यात बसवल्याचंही दिसलं, तेव्हा 1960 च्या दशकात ही भर काढून टाकली. आज तिथले योद्धे पुन्हा खंडित आहेत. जुन्या पुस्तकातलं चित्र आणि समोरची मूर्ती जुळत नाही, त्याचं कारण हे.

जुनं पिनाकोथेक हे चित्रसंग्रहालय (1836), रेगेन्सबुर्गजवळ डॅन्यूबच्या काठावरचं पार्थेनॉन या ग्रीक मंदिराच्या घडणीचं, थोर जर्मनांचं स्मारक वालहल्ला (1842), बव्हेरिया देशाचं स्त्रीरूप दाखवणारा साडेअठरा मीटर उंच ब्राँझचा पुतळा (1850), हे सगळं आजोबांचं. पुतळा पोकळ आहे. आतल्या जिन्याने थेट डोक्यात चढता येतं. तो उभा आहे ते थेरेझियनवीझे मैदान म्हणजे ऑक्टोबरफेस्टची जागा. ऑक्टोबर 1810 मध्ये आजोबांच्या थेरेझेशी झालेल्या लग्नानिमित्त तिथे घोड्यांच्या शर्यती झाल्या, त्यातून ही जत्रा वाढली. तेव्हा बियरच्या तंबूत कुणी नातवाच्या नावाने ग्लास उंचावला, तर हसू आवरावं.

नातवाची कला एकट्याने पाहायची. म्युनिकच्या राजरंगभूमीवर 1872 ते 1885 या काळात त्याने फक्त स्वतःसाठी दोनशेहून अधिक खेळ करवून घेतले. प्रेक्षागृह रिकामं, राजा एकटा. गादीवर येताच त्याने संगीतकार रिचर्ड वाग्नरला बोलावून त्याचं कर्ज फेडलं. वाग्नरचा ‘ट्रिस्टान’ हा ऑपेरा 1865 मध्ये म्युनिकला पहिल्यांदा रंगमंचावर आला तो या आश्रयामुळे. वाग्नरला मात्र त्याच वर्षअखेरीस मंत्र्यांच्या आणि लोकांच्या रोषामुळे शहर सोडावं लागलं.

नॉयश्वानश्टाइनची पायाभरणी 1869 ची. मध्ययुगीन म्हणून फोटो काढले जातात, पण आत विटांच्या भिंती, वरून चुनखडीच्या दगडाचं आवरण आणि सिंहासनकक्षात लोखंडी सांगाडा आहे. गरम हवेची मध्यवर्ती यंत्रणा, वाहतं पाणी, विजेच्या घंटा, टेलिफोन, सगळं होतं. सिंहासन तेवढं कधीच बसवलं गेलं नाही. नातवाच्याच लिंडरहोफ या राजवाड्याच्या बागेतली गुहाही खोटी: लोखंडी चौकट, त्यावर कापड, त्यावर सिमेंट. आतलं तळं, रंगीत दिवे, त्यांना वीज पुरवणारे डायनॅमो आणि हवा उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या, असा सगळा थाट. असल्या बांधकामात ओल शिरली की लोखंड गंजतं, फुगतं आणि सिमेंटचे पापुद्रे सुटतात. म्हणून ही गुहा कित्येक वर्षं दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागली.

पैशांबाबत एक चूक सर्रास होते. नातवाने ‘सरकारी तिजोरी रिकामी केली’ असं सांगतात, तसं नव्हतं. खर्च त्याच्या राजखर्चाच्या नेमणुकीतून आणि कर्जातून झाला. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्याकडूनही गुपचूप रकमा येत होत्या, कारण 1870 मध्ये प्रशियाच्या राजाला जर्मन सम्राटपद देऊ करणारं पत्र नातवाने सही करून दिलं होतं. तरी 1886 पर्यंत देणं सुमारे 1 कोटी 40 लाख मार्कांवर गेलं. आजोबा याच्या उलट, घरखर्चात कवडीचुंबक आणि मूर्ती घेताना उदार.

शेवटही वेगळे. आजोबांनी मार्च 1848 मध्ये स्वतः गादी सोडली. लोला मोंतेझ या ‘स्पॅनिश’ नर्तिकेच्या नादामुळे आधीच संताप होता, त्यात क्रांतीचं वारं. (ती मुळात आयरिश, आणि लहानपणी काही काळ हिंदुस्थानात राहिलेली.) तिचं चित्र म्युनिकच्या निम्फेनबुर्ग राजवाड्यात, सुंदर स्त्रियांच्या चित्रांच्या ‘सौंदर्यदालनात’ आजही आहे. नातवाला मात्र, फॉन गुडेन या डॉक्टरने प्रत्यक्ष तपासणी न करताच दिलेल्या अहवालावरून, वेडा ठरवून पदच्युत केलं. 13 जून 1886 रोजी तो आणि गुडेन दोघेही श्टार्नबर्ग तलावात मृत सापडले. ‘वेडा लुडविग’ म्हणतात तो हा. आजोबांना ते नाव चिकटवू नये.

जाता जाता: लुडविगश्ट्रासे आणि ऱ्हाइनकाठचं लुडविग्सहाफेन ही नावं आजोबांवरून. लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याचा मात्र दोघांशीही संबंध नाही. तो व्युर्टेम्बर्गचा ड्यूक एबरहार्ड लुडविग याचा.