पार्श्वभूमी : अर्धवट मसल कारची किंमत कशी ठरू लागली

रंग उतरवलेली बॉडी एका कोपऱ्यात, इंजिन स्टँडवर आणि उरलेली गाडी खोक्यांत. अशा अर्धवट दुरुस्तीतल्या मसल कारचा, म्हणजे 1960-70च्या दशकांतल्या दणकट इंजिनाच्या अमेरिकी गाडीचा, भाव विचारला की अमेरिकी मालक दुरुस्तीच्या पावत्यांची फाइल पुढे करतो. खरेदीदार मात्र आधी इंजिनाच्या ब्लॉकवर (मुख्य ओतीव सांगाड्यावर) ठोकलेला नंबराचा शिक्का शोधतो.

ही सवय जुनी नाही. विम्याचे वाढते हप्ते, धुराचे नियम आणि 1973चे तेलसंकट यांनंतर या गाड्या पेट्रोल पिणाऱ्या जुन्या गाड्या म्हणून विकल्या गेल्या. इंजिन गेले की भंगारातले दुसरे बसवत. 1970च्या दशकाअखेर आलेल्या भावपुस्तिकेत सहा श्रेण्या होत्या : पाचवी दुरुस्त होऊ शकणारी गाडी, सहावी फक्त सुट्या भागांसाठी. अर्धे काम झालेली गाडी कुठे बसवायची, हे तेव्हाही धड ठरत नव्हते.

1980च्या दशकाअखेर भाव चढले, मग कोसळले, आणि 2000 नंतर पुन्हा भडकले. 2014मध्ये 1971ची एक कुडा (प्लिमथ कंपनीची मसल कार) कन्व्हर्टिबल, हेमी या ताकदवान इंजिनासह, लिलावात 35 लाख डॉलरला गेली. पैसा आला तसे ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे इंजिन मूळचे त्याच गाडीचे आहे असा नंबरांवरून केलेला दावा, हे शब्द प्रत्येक जाहिरातीत आले, आणि सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

ब्लॉकवर नंबर तीन प्रकारचे असतात. ओतीव नंबर साच्याचा. ओतीव तारीख ब्लॉक कधी ओतला ते सांगते. आणि ठोकलेल्या शिक्क्यात इंजिनाचा कोड व गाडीच्या चेसिस नंबरचा काही भाग असतो. जाहिरात देणारे यांतले कोणतेही जुळले तरी ‘मॅचिंग’ लिहून मोकळे होतात. शेव्हर्लेच्या 1970च्या शेव्हेल गाडीतल्या 454 इंजिनाचा 3963512 हा ओतीव नंबर त्याच्या 360 अश्वशक्तीच्या एलएस5 या प्रकारावरही आहे आणि 450च्या एलएस6 वरही. तो जुळला म्हणून जास्तीचे पैसे मोजणे चुकीचेच. त्या गाडीशी नाते सांगतो तो फक्त ठोकलेला शिक्का.

त्यातच 1969 पासून शेव्हेलची एसएस ही जास्त ताकदीची आवृत्ती वेगळी मालिका न राहता जास्तीचे पैसे देऊन घ्यायचा ऑप्शन झाली, त्यामुळे चेसिस नंबरावरून ती ओळखता येत नाही. पुरावा राहतो बिल्ड शीटचा, म्हणजे गाडीत काय बसवायचे ते लिहिलेल्या कारखान्यातल्या कागदाचा. तो कागद बहुतेकदा पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगांत सापडतो. म्हणजे गाडी खोलणारा घाईत असेल तर हा कागद पहिल्याच आठवड्यात कचऱ्यात जातो. मशीन शॉपने ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग तासला की शिक्काही गेला. चांगल्या मनाने केलेले, पैसे मोजून करवलेले हे काम गाडीचा भाव उतरवते, आणि त्याचीच पावती मालक किंमत म्हणून दाखवतो.

गेलेला शिक्का नव्याने ठोकणे हा रिस्टोरेशनचाच भाग, असे काही जाणकार मानतात. रंग नवा चालतो तर शिक्का का नाही, असा त्यांचा प्रश्न. पण रंग ओळख सांगत नाही, शिक्का सांगतो. खरेदीदाराला न सांगता तो ठोकणे ही फसवणूक आहे, आणि या वादात मधली बाजू मला दिसत नाही.

पुढे नव्या पत्र्याने प्रश्न वाढवला. 2000च्या दशकात शेव्हर्लेच्याच 1969च्या कॅमेरो गाडीची अख्खी बॉडी नव्याने मिळू लागली. जुन्या गाडीची चेसिस नंबरची पट्टी काढून अशा बॉडीवर लावणाऱ्याला 1984च्या संघीय कायद्याने गुन्ह्याची भीती आहे. त्यामुळे सैल पट्टीसह आलेला प्रोजेक्ट शहाणा खरेदीदार घेत नाही.

आज हिशेब उलटा मांडतात. पूर्ण झालेल्या, नीटनेटक्या गाडीचा बाजारभाव घ्यायचा; त्यातून उरलेले काम, हरवलेल्या क्रोमपट्ट्या आणि न उघडलेल्या खोक्यांची जोखीम वजा करायची. साध्या 307 इंजिनाच्या मालिबूत (शेव्हेलच्याच एका आवृत्तीत) ही वजाबाकी सहज शून्याखाली जाते, मग उरतो सुट्या भागांचा भाव. याउलट 1970च्या कुडाच्या चेसिस नंबरात पाचवे अक्षर ‘आर’ असेल तर कारखान्याने तिच्यात हेमीच बसवले होते, हे इंजिन नसतानाही कळते. अशा गंजलेल्या रिकाम्या बॉडीलाही गिऱ्हाईक मिळते.