व्हर्च्युअल सर्व्हर बसवण्याआधी व्हीलॅनचा तक्ता

एकाच सर्व्हरवर टॅली, फाइल सर्व्हर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग अशी वेगवेगळी व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने केलेले वेगळे कॉम्प्युटर) चालतात. ती सगळी एकाच नेटवर्कमध्ये ठेवली, तर पाहुण्याच्या लॅपटॉपमधला व्हायरससुद्धा हिशेबाच्या सर्व्हरपर्यंत पोचू शकतो. म्हणून सर्व्हर रॅकमध्ये चढवण्याआधी आम्ही तुमच्यासोबत बसून व्हीलॅनचा, म्हणजे त्याच स्विच-केबलवर पाडलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कांचा, तक्ता करतो.

प्रत्येक व्हीलॅनला १ ते ४०९४ मधला एक क्रमांक देतात. छोट्या ऑफिसला पाच-सहा पुरतात. आमची नेहमीची मांडणी अशी: मॅनेजमेंट १०, सर्व्हर २०, कर्मचाऱ्यांचे पीसी ३०, कॅमेरे ४०, पाहुण्यांचं वाय-फाय ५०. आयपी पत्त्यातही तोच आकडा ठेवतो, म्हणजे व्हीलॅन २० मधली मशीन १९२.१६८.२० ने सुरू होतात. क्रमांक १ आम्ही टाळतो, कारण नव्या स्विचचे सगळे पोर्ट बहुधा त्यातच असतात.

सर्वांत जास्त जपायचं ते मॅनेजमेंट. हायपरव्हायजरचं (सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) लॉगिन ज्याच्या हाती लागलं, तो तुमची सगळी मशीन एका झटक्यात पुसू शकतो. तिथे फक्त आयटी सांभाळणाऱ्याच्या पीसीवरूनच जाता यावं, यावर आम्ही ठाम असतो.

ईएसएक्सआय या हायपरव्हायजरमध्ये क्रमांक पोर्ट ग्रुपला (मशीन जोडायच्या व्हर्च्युअल पोर्टच्या गटाला) देतात. तिथे ० म्हणजे टॅग (डेटावर लावलेला व्हीलॅनचा क्रमांक) नाही आणि ४०९५ म्हणजे सगळे टॅग जसेच्या तसे मशीनकडे. हा दुसरा पर्याय व्हर्च्युअल फायरवॉलसारख्या मशीनपुरताच ठेवा. प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या हायपरव्हायजरमध्ये ब्रिजला (आतल्या व्हर्च्युअल स्विचला) ‘व्हीलॅन अवेअर’ करून मशीनच्या नेटवर्क कार्डावर टॅग टाकतात. दोन्हीकडे, सर्व्हरची केबल स्विचच्या ज्या पोर्टमध्ये जाते तो ट्रंक (एका केबलवरून अनेक व्हीलॅन नेणारा) हवा आणि त्यावर हे सगळे क्रमांक चालू हवेत. एखादा राहिला, तर त्या व्हीलॅनमधली मशीन सर्व्हरच्या आत एकमेकांना दिसतात, बाहेर मात्र पिंग जात नाही.

आणखी एक. दोन मशीन एकाच सर्व्हरवर, पण वेगळ्या व्हीलॅनमध्ये असली, तर त्यांच्यातला डेटा राउटिंग करणाऱ्या फायरवॉलकडे जाऊन परत येतो. त्यामुळे सॉफ्टवेअर आणि त्याचा डेटाबेस शक्यतो एकाच व्हीलॅनमध्ये ठेवा. फायरवॉलवर ‘सगळ्यांना सगळीकडे परवानगी’ असा नियम असेल, तर मात्र व्हीलॅन करून सुरक्षितता मिळत नाही. कोणी कुठे जायचं, तेही याच तक्त्यात लिहू.

आम्ही येण्याआधी मशीनची यादी आणि स्विचचं मॉडेल काढून ठेवा. स्विच अनमॅनेज्ड (व्हीलॅन ठरवता न येणारा) असेल, तर तो बदलावा लागेल.