उंच पर्वतीय मोहिमांचे परवाने आणि शुल्क : बेळगाव सीमाभागातून

एखाद्या हिमशिखरावर चढाई करण्यापूर्वी ते शिखर ज्या देशाच्या हद्दीत येते त्या देशाच्या सरकारकडून, किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेकडून, घ्यावी लागणारी लेखी मुभा म्हणजे गिर्यारोहणाचा परवाना. या परवान्यासाठी भरायच्या रकमेला आपल्याकडे सरसकट ‘परमिट फी’ म्हणतात. नेपाळच्या कायद्यात तिला ‘सलामी’ किंवा ‘सलामी दस्तुर’ असे नाव आहे. दस्तुरी हा शब्द जुन्या मराठी कागदपत्रांत पानोपानी भेटतो, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव परके वाटू नये. डोंगराच्या धन्याला दिलेला मान, असाच त्याचा भाव आहे. सलामी भरणाऱ्याला ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या वाटेने त्या डोंगरावर जाण्याचा हक्क मिळतो. शेर्पा, प्राणवायूच्या नळ्या, तंबू, जेवण, विमान यांतले काहीही तीत येत नाही, आणि वाऱ्यामुळे माघारी फिरावे लागले तरी ती परत मिळत नाही.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, आणि आजूबाजूचा सह्याद्रीही हजार मीटरच्या आसपासच रेंगाळतो. तरीही परवाना ही गोष्ट इथल्या ट्रेकरला हिमालयात जाऊन शिकावी लागत नाही. खानापूर तालुक्यातला भीमगड २०११ साली घोषित झालेल्या अभयारण्याच्या आत आहे. म्हादई नदीचा उगम याच रानात आहे आणि बारापेडे गुहांमधली दुर्मिळ वटवाघळेही याच रानात राहतात. गडावर जायचे तर वनखात्याची परवानगी लागते. इथल्या बोलीत ‘फॉरेस्टची पर्मिशन’. पावसाळ्यात खानापूरच्या धबधब्यांकडे जाणाऱ्या वाटा बंद केल्या जातात, तेव्हा तर ही पर्मिशनही मिळत नाही. याउलट शहरापासून जवळच असलेला महिपाळगड चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतो आणि तिथे कोणी कागद विचारत नाही. रविवारी सकाळी राज्याची हद्द ओलांडून दुपारच्या जेवणाला घरी परतणाऱ्या पोरांना परवान्याचा पहिला धडा इथेच मिळतो : डोंगर किती उंच आहे यापेक्षा तो कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी पाहायचे.

कर्नाटकात २०२४च्या प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत कुमार पर्वतावर झालेली गर्दी देशभर गाजली. त्यानंतर वनखात्याने राज्यातल्या ठराविक ट्रेकसाठी ऑनलाइन आरक्षण आणि रोजची मर्यादा लागू केली. उत्तराखंडात गोमुखाच्या वाटेवर दिवसाला १५० माणसांची मर्यादा त्याआधीपासूनच आहे. दोन्हीकडे रक्कम किरकोळ आहे, पण जागा मोजक्या असल्याने तारीख हुकली की पैसे असूनही जाता येत नाही.

भारतातल्या हिमशिखरांचे मुख्य दार म्हणजे दिल्लीत बेनिटो हुआरेझ मार्गावर असलेले इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन, म्हणजेच ‘आयएमएफ’. १९५८च्या चो ओयू मोहिमेसाठी नेमलेल्या समितीतून ही संस्था उभी राहिली. शिखराचे आरक्षण इथे होते. परदेशी संघांना डॉलरमध्ये शुल्क भरावे लागते, गिर्यारोहणाचा वेगळा व्हिसा काढावा लागतो आणि नियमांवर देखरेख ठेवणारा संपर्क अधिकारी सोबत घ्यावा लागतो. त्यामानाने भारतीय संघाचा खर्च फारच थोडा आहे. बेळगावातून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते. एकेकाळी कागदपत्रे घेऊन तिने दिल्ली गाठणे हाच मोहिमेचा पहिला टप्पा असे. आता अर्ज घरबसल्या जातो. पण आयएमएफचे पत्र हातात आले म्हणजे सगळे झाले, असे समजणारा खालच्या तपासणी नाक्यावर अडकतो. त्या पत्राखेरीज राज्याच्या वनखात्याची, राष्ट्रीय उद्यानाची आणि सीमेजवळचा भाग असेल तर जिल्हा प्रशासनाची किंवा लष्कराची परवानगी वेगवेगळी घ्यावी लागते. अरुणाचलात जाण्यासाठी लागणारा इनर लाइन परमिट १८७३च्या ब्रिटिश नियमातून आला आहे. लडाखमध्ये ऑगस्ट २०२१पासून भारतीयांसाठी तो रद्द झाला, तरी पर्यावरण शुल्क भरावेच लागते.

काही शिखरांवर कितीही पैसे मोजले तरी जाता येत नाही. नंदादेवीचे अंतर्गत अभयारण्य १९८३पासून बंद आहे. सिक्कीममधून कांचनजंगावर चढायला बंदी आहे, कारण तिथल्या लोकांसाठी ते देवस्थान आहे. नवशिक्यांचे आवडते लडाखचे स्टोक कांगरी, उंची ६,१५३ मीटर, २०२०पासून बंद झाले. वर्षानुवर्षांच्या गर्दीने डोंगर आणि पाण्याचे झरे दोन्ही थकले होते. भूतानने १९९४ साली ६,००० मीटरवरच्या शिखरांवर बंदी घातली आणि २००३ साली गिर्यारोहणच पूर्ण थांबवले. उलट दिशेनेही घडले आहे : ऑगस्ट २०१९मध्ये भारत सरकारने १३७ शिखरे परदेशी गिर्यारोहकांसाठी खुली केली, त्यातली ५१ उत्तराखंडातली आणि ४७ हिमाचलातली.

उपग्रह फोनचा मुद्दा बहुतेक पुस्तिकांमध्ये एका ओळीत उरकतात, त्यामुळे तो इथे स्पष्ट सांगणे बरे. दूरसंचार खात्याच्या परवानगीवाचून भारतात असा फोन बाळगणे गुन्हा आहे. परदेशात घेतलेले उपग्रह संदेशयंत्र पिशवीत सापडल्याने विमानतळावर अडकलेल्या प्रवाशांच्या बातम्या अधूनमधून येतात.

बेळगावात ‘मोहीम’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एव्हरेस्ट येते, आणि त्याचा परवाना काठमांडूत पर्यटन विभागाकडून मिळतो. त्याच्या सलामीचा इतिहास बोलका आहे. २०१५पूर्वी एकट्या माणसाला २५,००० डॉलर पडत, पण सात जणांच्या संघाला ७०,०००, म्हणजे डोई १०,०००. साहजिकच एकमेकांना कधी न पाहिलेली सात माणसे कागदावर एक संघ होत. २०१५पासून वसंतातल्या चढाईसाठी प्रत्येकी ११,००० डॉलरचा सरळ दर आला. १ सप्टेंबर २०२५पासून तो १५,००० झाला. शरदात ७,५०० आणि हिवाळा-पावसाळ्यात ३,७५०. परवान्याची मुदत मात्र ७५ दिवसांवरून ५५ दिवसांवर आली. नेपाळी नागरिकाला वसंतात दीड लाख नेपाळी रुपये पडतात. भारतीयाला शिखरासाठी परदेशी माणसाचाच दर लागतो. शेजारधर्म पाळला जातो तो राष्ट्रीय उद्यानाच्या दारात : सगरमाथा (म्हणजे एव्हरेस्टच्याच नेपाळी नावाच्या) उद्यानाचे प्रवेशशुल्क सार्क देशांच्या नागरिकांना १,५०० नेपाळी रुपये, इतर परदेशीयांना ३,०००. १९९३पासून भारतीय रुपयाचा भाव १.६० नेपाळी रुपये असा बांधलेला आहे, तेव्हा ही सूट साधारण साडेनऊशे भारतीय रुपयांची. पंधरा हजार डॉलरपुढे ती चहापाण्याची.

सलामी भरल्यावरही यादी संपत नाही. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात शिड्या आणि दोर लावण्याचे काम सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समितीकडे आहे, तिची फी वेगळी. संघागणिक संपर्क अधिकारी आणि कचरा खाली आणला तर परत मिळणारी ४,००० डॉलरची अनामत हे नेपाळच्या नियमांचे जुने भाग. हे खर्च डोईवर नसून संघावर असल्यामुळे २०१५नंतरही कागदावरचे संघ संपले नाहीत. मोहिमा नेणाऱ्या एजन्सी वेगवेगळ्या देशांतल्या गिऱ्हाइकांची नावे एकाच परवान्यात घालतात. संपर्क अधिकारी बेस कॅम्पला फिरकतच नाहीत ही तक्रार तर कित्येक वर्षांची आहे. २०२४पासून विष्ठा खाली आणण्यासाठी पिशव्या सक्तीच्या झाल्या, आणि त्या विकत घेण्याचा खर्चही गिर्यारोहकावर.

महाग परवान्याने गर्दी कमी होईल हा युक्तिवाद वारंवार केला जातो. आकडे त्याला फारशी साथ देत नाहीत. २०१९च्या वसंतात ३८१ परवाने निघाले आणि शिखराखालच्या रांगेचे छायाचित्र जगभर फिरले. त्या हंगामातल्या मृतांमध्ये महाराष्ट्रातले गिर्यारोहकही होते. दर तेच असताना २०२३ साली परवाने पावणेपाचशेच्या वर गेले. ज्याला परवडते तो चार हजार डॉलर जास्त दिले म्हणून थांबत नाही. थांबतो तो खानापूरचा किंवा निपाणीचा तरुण, ज्याने चढण्याची तयारी केली असते पण ज्याचे पैसे देणगीच्या पावत्यांतून गोळा होत असतात. गर्दीचा खरा प्रश्न अनुभवाचा आहे, आणि एव्हरेस्टच्या आधी नेपाळमधले एखादे सात हजारी शिखर चढल्याची अट घालणारे विधेयक २०२५मध्ये नेपाळच्या संसदेत आले, ते त्याच कारणाने.

कमी पैशांत नेपाळचा अनुभव हवा असेल तर नेपाळ पर्वतारोहण संघाकडच्या २७ शिखरांकडे पाहावे. आयलंड पीक, मेरा, लोबुचे पूर्व ही त्यांतली परिचित नावे. २०२५च्या वाढीनंतर वसंतातला दर ३५० डॉलर झाला आहे. शिवाय नेपाळने कर्णाली आणि सुदूरपश्चिम प्रदेशांतल्या ९७ शिखरांची सलामी दोन वर्षांसाठी माफ केली. पण तिथे रस्ते, हमाल आणि बचावाची सोय एवढी तोकडी आहे की वाचलेले पैसे वाहतुकीत जातात. आफ्रिकेतल्या किलिमांजारोला शिखराची सलामी नाही. तिथे दर दिवसाचे उद्यानशुल्क आणि मुक्कामाचे पैसे पडतात, त्यामुळे दिवस वाचवण्याचा मोह होतो आणि नेमके तेच उंचीच्या आजाराला आमंत्रण ठरते.

पैसे पाठवण्याची एक अडचण फक्त भारतीयांना भेडसावते. सलामीचे दर डॉलरमध्ये छापलेले असतात, पण परकीय चलनाच्या नियमांनुसार नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी भारतीय बँक डॉलर देत नाही. व्यवहार रुपयांत करावा लागतो, आणि दराचा फरक एजन्सी आपल्या हिशेबाने लावते. करार करताना रुपयाचा दर कोणत्या तारखेचा, हे लिहून घेणे म्हणूनच गरजेचे. विश्वासावर सोडलेल्या हिशेबात सलामी तेवढीच राहते आणि बिल वाढते.

मदतीच्या बाबतीत सीमाभागाची पंचाईत वेगळीच. महाराष्ट्रातल्या क्रीडा योजनांना आणि साहसी क्रीडा पुरस्कारांना अधिवासाची अट आडवी येते. कर्नाटकात जनरल थिमय्या साहस अकादमी ही सरकारी संस्था आहे, पण तिची माहितीपत्रके आणि अर्ज कन्नडमध्ये असतात, आणि मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ती वाचून घ्यायला कोणीतरी शोधावे लागते. शंभरेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरची कस्तुरी सावेकर २०२१मध्ये एव्हरेस्टवरून खराब हवामानामुळे मागे फिरली आणि २०२२मध्ये शिखरावर पोहोचली. बेळगावच्या वर्तमानपत्रांनाही ती बातमी घरचीच. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र शहरातच असल्याने लष्करातून डोंगरावर गेलेल्यांचीही ओळख इथे आहे, पण त्यांचे परवाने आणि खर्च सैन्याच्या साहस विभागातून होतात. नागरी संघाला तो रस्ता खुला नाही. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट इथला प्राथमिक अभ्यासक्रम हाच इथल्या सामान्य घरातल्या मुलाला परवडणारा दरवाजा. त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तरच पुढचा प्रगत अभ्यासक्रम करता येतो. अर्जासोबत वैद्यकीय दाखला आणि जबाबदारीचा बंध लागतो. १८ वर्षांखालच्यांना पालकांची संमतीही.

शिखरावरून उतरल्यावर एक प्रमाणपत्र मिळते, आणि त्यासाठी छायाचित्रांचा पुरावा द्यावा लागतो. २०१६ साली पुण्यातल्या एका पोलीस दांपत्याने बनावट छायाचित्रे दाखवून ते मिळवले; प्रकरण उघडकीला आल्यावर नेपाळने प्रमाणपत्र रद्द केले आणि दोघांवर दहा वर्षांची चढाईबंदी घातली.

प्रमाणपत्रावरचे नाव परवान्यावरून येते आणि परवान्यावरचे पासपोर्टवरून. सीमाभागात नेमके हेच नाव जुळत नाही. शाळेच्या दाखल्यात मराठी वळणाचे नाव-वडिलांचे नाव-आडनाव, दहावीच्या गुणपत्रिकेत कर्नाटकी पद्धतीने नावापुढे फक्त आद्याक्षरे, आधारकार्डावर कन्नडमधून इंग्रजीत उतरलेले तिसरेच स्पेलिंग. परवान्याचा अर्ज भरण्याआधी सहा महिने ही नावे सारखी करून घ्यावीत, असे इथले जुने ट्रेकर नव्यांना सांगतात.