कादंबरी स्वतःलाच पोस्टाने पाठवली नाही तरी चालते

"प्रकाशकाला किंवा स्पर्धेला कादंबरी पाठवण्याआधी एक प्रत स्वतःच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवा आणि पाकीट फोडू नका, तरच कॉपीराइट मिळतो" हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. सल्ला काळजीपोटीच दिलेला असतो, पण तसं नाहीये.

१९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात लिहून झालं की हक्क लेखकाचा, मग ते दहावीतल्या मुलीच्या हॉस्टेलच्या गोष्टीचं वहीतलं चौथं प्रकरण का असेना. नोंदणी ऐच्छिक आहे, कलम ४५ नेटवर फुकट वाचता येतं, तिथे अर्ज 'करू शकतो' असंच आहे. आणि पाकीट उघडंच पोस्टात टाकून नंतरही भरता येतं ना, म्हणून पुरावा म्हणून ते कच्चंच, त्यापेक्षा खाडाखोडीची वही, जुने ड्राफ्ट, ईमेल जपून ठेवा. नुसत्या कल्पनेवर मात्र हक्क नसतो, हॉस्टेलमधली मुलगी कुणीही लिहू शकतं, तुमची वाक्यं उचलू शकत नाही.

खरं लक्ष द्यायचं ते स्पर्धेच्या नियमांकडे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच लागतं, कलम १९, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात. 'सर्व हक्क आयोजकांकडे' अशी ओळ दिसली की सही करायच्या आधी विचारा. या पाकिटाच्या भीतीने पहिली कुमार कादंबरी कपाटात पडून राहते, याचं मला खरंच वाईट वाटतं.