जेल लावलंय, मग शेकू नका

गुडघा दुखला की डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या जेलची ट्यूब काढायची, खसाखसा चोळायचं, वर गरम पाण्याची पिशवी ठेवायची आणि क्रेप बँडेज आवळून झोपायचं, हा क्रम कितीतरी घरांत अंगवळणी पडला आहे. यातलं चोळणं, शेकणं आणि आवळणं या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि शेकणं सर्वांत वाईट.

जेलचा फायदाच मुळी त्याच्या संथपणात आहे. त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर औषधाला सहजासहजी आत घेत नाही. त्यामुळे गोळी घेतल्यावर जितकं डायक्लोफेनॅक रक्तात जातं, त्याच्या साधारण ६ टक्केच जेलमधून जातं. दुखऱ्या जागी मात्र पुरेसं मुरतं आणि सूज व कळा वाढवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतं. त्यावर शेक दिला की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि औषध भराभर रक्तात ओढलं जातं. घट्ट पट्टी किंवा प्लास्टिक गुंडाळल्यानेही शोषण वाढतं. शेकायचंच असेल तर आधी शेका आणि कातडी पूर्ण गार झाल्यावर जेल लावा. लावल्यावर लगेच कढत पाण्याने आंघोळही नको.

आता ट्यूबची मागची बाजू वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच जेलमध्ये डायक्लोफेनॅक डायइथिलामाइन १.१६ टक्के असतं. सोबत मेंथॉल, मिथाइल सॅलिसिलेट, जवसाचं तेल आणि काहींमध्ये मिरचीतलं कॅप्सेसिनही असतं. लावताच गार वाटतं ते मेंथॉलमुळे. कातडी खरं तर थंड झालेली नसते. मेंथॉल थंडी ओळखणारे मज्जातंतूंवरचे ग्राही (रिसेप्टर) चाळवतं, एवढंच. ज्या संशोधनातून हे ग्राही उलगडले, त्यासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापौटियन यांना २०२१चं नोबेल मिळालं. म्हणून गारवा ओसरला की औषध संपलं असं समजून पुन्हा थापू नये. मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या मलमांनी क्वचित कातडी भाजते, फोड येतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१२ मध्ये तसा इशारा दिला होता. आग असह्य झाली तर सहन करत बसू नका, साबणाने धुऊन टाका.

किती लावायचं? ब्रिटनमधल्या सूचनेप्रमाणे एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून ३ ते ४ वेळा. साधारण ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापर्यंत काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. म्हणजे २ ग्रॅमसाठी अशा चार रेघा. डॉक्टरांनी किंवा पाकिटावर वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. जागा धुऊन कोरडी करा, हलक्या हाताने पसरवा, १० मिनिटं कपडा घालू नका, तासभर पाणी लावू नका. ताज्या मुरगळीवर जोर लावून मालीश केली तर सूज वाढते.

नंतर हात साबणाने धुवायचेच. न धुतलेले हात डोळ्यांना लागतात, कणकेत जातात, तान्ह्या बाळाला लागतात. बोटांचे सांधेच दुखत असतील तर मात्र तासाभराने धुवा. जखम, इसब, पुरळ असलेल्या जागी जेल नको. जेल लावलेल्या जागेवर ऊनही नको, विशेषतः किटोप्रोफेन या दुसऱ्या वेदनाशामकाच्या जेलवर. तिथे ते थांबवल्यावरही दोन आठवडे ऊन टाळावं लागतं.

“वरून लावायचंय, त्याने काय होतंय?” हा समज काहींना महागात पडतो. अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेनने ज्यांना दमा उसळतो किंवा गांधी उठतात, त्यांनी हे जेल लावू नये. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणारे, मूत्रपिंडाचा विकार किंवा अल्सर असलेले, आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तर नाहीच. जेलसोबत डायक्लोफेनॅकची गोळी मनाने घेऊ नका. ट्यूब टूथपेस्टशेजारी ठेवू नका. मिथाइल सॅलिसिलेट लहान मुलाच्या पोटात गेलं तर विषबाधा होते.

गुडघा, घोटा, हाताची बोटं अशा कातडीजवळच्या सांध्यांना जेल बरं लागू पडतं. खोल असलेल्या खुब्याला फारसं नाही. मुरगळ आठवड्याभरात उतरत नसेल तर दाखवून घ्या. सांधा लाल, गरम होऊन ताप आला, पायावर भार देता येईना, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि छातीत दाटून येतंय, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जातेय, घाम फुटलाय, अशा वेळी “वात भरला असेल” म्हणून छाती चोळत बसू नका. ट्यूब बाजूला ठेवा आणि १०८ला फोन करा.