कोरायचा भोपळा आणि खायचा भोपळा

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या दुकानांबाहेर नारिंगी भोपळ्यांचे ढीग लागतात. त्यात मोठा असतो तो हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या सणाला, चेहरा कोरून आत दिवा ठेवायचा, कार्व्हिंग पंपकिन. लहान असतो तो पाय पंपकिन, त्यालाच शुगर पंपकिनही म्हणतात. रंग तोच आणि प्रजातीही एकच. म्हणून मग मोठ्याचे घारगे करायला घेतले जातात, नाहीतर मुलांसाठी म्हणून लहान भोपळा कोरायला आणला जातो. पंचाईत दोन्हीकडे होते.

कोरायच्या भोपळ्यांत हाउडन हा वाण प्रसिद्ध आहे. मॅसॅच्युसेट्समधले शेतकरी जॉन हाउडन यांनी तो निवडला तो भक्कम देठ आणि नीट बसणारा उभट आकार बघून. चवीचा विचार त्यात नव्हता. ८-१० किलोच्या भोपळ्यात आत मोठी पोकळी, आणि गर दोरेदार, पाणचट. शुगर पंपकिन २-३ किलोचा, पोकळी लहान, गर घट्ट आणि बारीक पोताचा. घट्टपणामुळेच तो कोरायला वाईट. करवत अडकते, माणूस जोर लावतो आणि हात निसटतो.

निवडताना मोठा भोपळा आकाराच्या मानाने हलका घ्यावा, म्हणजे भिंत पातळ असते. लहान मात्र हाताला जड लागला पाहिजे. नख रुतत नाही ना आणि बूड मऊ पडलेलं नाही ना, हे दोन्हींत बघावं. देठ धरून उचलू नये. देठ तुटला की तिथूनच कूज सुरू होते.

कोरण्याचं काम ३१ ऑक्टोबरच्या दोन-तीन दिवस आधीच करावं. अख्खा भोपळा थंड, कोरड्या जागी आठवडेच्या आठवडे टिकतो. कोरलेला उबदार घरात चार-पाच दिवसांत बुरशी धरतो. झाकण कापताना करवत आतल्या बाजूला तिरकी धरावी, सरळ कापलेलं झाकण आत पडतं. पाच वर्षांखालच्या मुलांनी बिया काढाव्यात आणि मार्करने चेहरा काढावा, कापणं मोठ्यांनी. स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा कोरण्याच्या संचातली छोटी दातेरी करवत बरी. चेहऱ्याच्या बाजूची भिंत आतून खरवडून साधारण अडीच सेंटिमीटर ठेवली की काम सोपं होतं. जास्त पातळ केली तर दात आणि डोळे सुकून आत वळतात. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा. मुलांचे पायघोळ पोशाख सहज पेट घेतात. अगदी लहान भावंडांना तळहातावर मावणारे छोटे भोपळे रंगवायला द्यावेत.

आता घारगे. कोरायच्या भोपळ्याचा कीस गुळात शिजवला की इतकं पाणी सुटतं की गोळा जमेपर्यंत कणीक घालतच राहावी लागते. गोडी हरवते आणि घारगे चामट होतात. शुगर पंपकिनच्या वाटीभर किसाला अर्धी वाटी गूळ घेऊन मंद आचेवर आटवावा, चिमूटभर मीठ घालावं. पूर्ण गार झाल्यावर दोन चमचे तांदळाची पिठी, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढीच कणीक. पाण्याचा थेंबही नको. गरम मिश्रणात कणीक घातली तर गोळा सैल होतो आणि पीठ वाढवायचा मोह होतो.

खरं तर घारग्यांसाठी शुगर पंपकिनपेक्षाही बटरनट स्क्वॉश घ्यावा. आपल्याकडच्या बाजारातला लाल भोपळा बहुतेक करून ज्या प्रजातीचा, त्याच प्रजातीचा तो आहे. चव जवळची, साल पातळ, आणि वर्षभर मिळतो.

बियांच्या बाबतीत मात्र भेद करायचं कारण नाही, दोन्हींच्या चालतात. धुऊन, अगदी कोरड्या करून, तेल-मीठ लावून १६० अंश सेल्सिअसला २५-३० मिनिटं भाजाव्यात. ओल्या भाजल्या तर चिवट होतात. लहान मुलांना अख्ख्या बिया देऊ नयेत, घशात अडकू शकतात.

आणि कोरून सजवलेला भोपळा नंतर शिजवायचा नाही. कापलेला गर दिवसभर बाहेर राहिला की त्यात जिवाणू वाढलेले असतात, वरून ताजा दिसला तरी. रंग किंवा मेण लागलं नसेल तर तुकडे करून कंपोस्टमध्ये टाकावा.