ब्रॅमली–गोर–माल्टन: नाव एक, जागा दोन

कॅनडाच्या निवडणुकांचे जुने निकाल चाळताना २०११ सालाशी वाचक हमखास अडखळतो. एके ठिकाणी लिहिलेलं असतं की ब्रॅमली–गोर–माल्टन मतदारसंघात जगमीत सिंग हरले. दुसरीकडे लिहिलेलं असतं की त्याच मतदारसंघात, त्याच वर्षी, तेच जगमीत सिंग जिंकले. दोन्ही खरं आहे. २ मे २०११ ला ते एनडीपीतर्फे (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, कॅनडातला डावा पक्ष) ओटावाच्या, म्हणजे केंद्राच्या, संसदेसाठी उभे होते आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या बाल गोसल यांच्याकडून अवघ्या ५३९ मतांनी पडले. मग ६ ऑक्टोबर २०११ ला ऑन्टारियो प्रांताच्या विधानसभेसाठी उभे राहिले आणि लिबरल आमदार कुलदीप कुलर यांना हरवून निवडून आले.

घोळ होतो तो नावामुळे. ओटावाला खासदार पाठवणारी एक जागा आणि टोरॉन्टोतल्या क्वीन्स पार्कला, म्हणजे प्रांतिक विधानसभेत, आमदार पाठवणारी दुसरी. दोघींना नाव एकच, आणि २०११ साली तर सीमासुद्धा त्याच.

आपल्याकडे बारामती लोकसभा आणि बारामती विधानसभा अशी एकाच नावाची जोडी आहे. २०२४ च्या जूनमध्ये तिथे सुप्रिया सुळे जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये अजित पवार, म्हणजे सहा महिन्यांत उलटा कौल आपल्याला नवा नाही. पण बारामती लोकसभेच्या पोटात सहा विधानसभा मतदारसंघ असतात, त्यामुळे मोठी कोणती आणि छोटी कोणती हे लगेच कळतं. २०११ साली ऑन्टारियोच्या बऱ्याच भागात तसं नव्हतं. तिथे एका खासदाराच्या जागेला एकच आमदाराची जागा, नकाशावर एकीवर दुसरी तंतोतंत बसणारी.

हे पूर्वापार नव्हतं. प्रांताचा नकाशा आधी वेगळा काढला जाई आणि विधानसभेत १३० जागा होत्या. १९९५ मध्ये माइक हॅरिस यांचं प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार आलं. खर्चकपात हा त्यांचा मुख्य नारा. १९९६ मध्ये त्यांनी कायदाच केला की प्रांताने केंद्राचा नकाशा जसाच्या तसा उचलायचा. जागा १३० वरून १०३ वर आल्या, आणि १९९९ च्या प्रांतिक निवडणुकीपासून हे लागू झालं. त्या कायद्याचं नाव सरळ ‘कमी राजकारणी कायदा’ असंच होतं. लोकांना काय ऐकायला आवडेल हे हॅरिस यांना पक्कं ठाऊक होतं.

केंद्राच्या नकाशावर ही जागा त्याच्या आधीची, १९८८ च्या निवडणुकीपासूनची. ब्रॅमली आणि गोर ब्रॅम्पटन शहरातले, तर माल्टन शेजारच्या मिसिसागा शहरातलं, पिअर्सन विमानतळाला चिकटलेलं. म्हणजे एक जागा आणि दोन नगरपालिका. १९८८ मध्ये इथून प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे हॅरी चॅडविक निवडून आले. १९९३ मध्ये त्या पक्षाची देशभरात अशी वाताहत झाली की संसदेत दोनच खासदार उरले, आणि ही जागा लिबरल पक्षाच्या गुरबक्स सिंग मल्ही यांच्याकडे गेली. पगडी बांधून कॅनडाच्या संसदेत बसणारे ते पहिले शीख. पुढची अठरा वर्षं ते इथले खासदार होते.

मल्ही सलग अठरा वर्षं निवडून येत होते, म्हणून जागा ‘लिबरलांची’ असं म्हणायची सवय लागते. प्रांताचा हिशेब मात्र निराळा. १९९९ मध्ये प्रांताने केंद्राचा नकाशा उचलला तेव्हा या मतदारसंघाच्या नावाला ब्रॅम्पटनमधल्याच स्प्रिंगडेल या वस्तीचं शेपूट होतं: ब्रॅमली–गोर–माल्टन–स्प्रिंगडेल. तिथून विधानसभेत गेले प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे रमिंदर गिल. मतदार तेच, खासदार लिबरल आणि आमदार उजवा. २००३ मध्ये कुलर आले आणि दोन्ही जागा काही वर्षं लिबरल झाल्या.

निकाल वाचणाऱ्याला खरा चकवा इथून पुढे बसतो. केंद्राने नकाशा बदलला की प्रांत लगेच बदलत नाही, काही वर्षं जुनाच चालवतो. स्प्रिंगडेल वेगळं काढलेला नकाशा केंद्रात २००४ ला लागू झाला, प्रांतात २००७ ला. त्यामुळे मधली तीन वर्षं मल्ही होते ब्रॅमली–गोर–माल्टनचे खासदार आणि कुलर होते स्प्रिंगडेलसकटच्या थोरल्या मतदारसंघाचे आमदार. पुढच्या फेरीतही तेच. केंद्राची ब्रॅमली–गोर–माल्टन ही जागा ऑक्टोबर २०१५ च्या निवडणुकीत मोडीत निघाली. तिचा मुलूख मुख्यतः ब्रॅम्पटन ईस्ट, ब्रॅम्पटन सेंटर आणि मिसिसागा–माल्टन यांत वाटला गेला. प्रांताची त्याच नावाची जागा मात्र जून २०१८ पर्यंत चालू राहिली. म्हणून २०१६ साली जगमीत सिंग ज्या मतदारसंघाचे आमदार होते, त्या नावाची जागा केंद्राच्या नकाशावर नव्हतीच. एखाद्या लेखात या वर्षांतल्या ‘ब्रॅमली–गोर–माल्टनच्या खासदारा’चा उल्लेख दिसला, तर लेखकाने दोन्ही एकत्र कालवले आहेत असं खुशाल समजावं.

आता २०११ कडे परत. सीमा त्याच, उमेदवार तोच, मध्ये फक्त पाच महिने. मग निकाल का फिरला? लोकांचं मन बदललं, हे उत्तर सोपं आहे आणि मला ते पुरेसं वाटत नाही. मे महिन्यात मल्ही चक्क तिसऱ्या क्रमांकावर गेले. मायकेल इग्नाटिएफ यांच्या नेतृत्वाखाली लिबरल पक्ष देशभर ३४ जागांवर घसरला होता, पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्हांना १६६ जागांचं बहुमत मिळालं होतं आणि जॅक लेटन यांचा एनडीपी १०३ जागा घेऊन इतिहासात पहिल्यांदाच मुख्य विरोधी पक्ष झाला होता. लिबरल मतं फुटली ती दोन्हीकडे, आणि गोसल थोडक्यात निसटले. ऑक्टोबरमध्ये ओटावाचा प्रश्नच नव्हता. प्रांतात डाल्टन मॅगिन्टी यांचं लिबरल सरकार आठ वर्षं सत्तेवर होतं. ते १०७ पैकी ५३ जागा मिळवून अल्पमतात का होईना, टिकलं. इस्पितळं, शाळा, गाडीच्या विम्याचे दर ही सगळी कामं प्रांताची, तर इमिग्रेशन, संरक्षण, फौजदारी कायदा केंद्राचे. मुद्दे वेगळे, समोरचे उमेदवार वेगळे. शिवाय मतदानाला उतरलेले लोकही तेच नव्हते: मे मध्ये देशात सुमारे ६१ टक्के मतदान झालं, ऑक्टोबरमध्ये प्रांतात निम्म्याहून कमी. पाच महिन्यांपूर्वी ५३९ मतांनी हरलेला, घराघरांत नाव पोचलेला तरुण वकील अशा कमी मतदानाच्या निवडणुकीत पुढे राहिला, तर त्यात मला फारसं नवल दिसत नाही. ब्रॅम्पटन आणि मिसिसागा ज्यात येतात त्या पील विभागातून विधानसभेत गेलेले ते एनडीपीचे पहिले आमदार.

पक्षांच्या नावांनीही फसायला होतं. ऑन्टारियो लिबरल पक्ष आणि कॅनडाचा लिबरल पक्ष या दोन स्वतंत्र संघटना आहेत. प्रांतातला उजवा पक्ष आजही प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवतो, तर केंद्रातला २००३ च्या विलीनीकरणानंतर नुसता कॉन्झर्व्हेटिव्ह. अपवाद एनडीपीचा. त्यांच्यात प्रांताचं सदस्यत्व घेतलं की केंद्राचं आपोआप मिळतं. जगमीत सिंग २०१४ मध्ये पुन्हा आमदार झाले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये थेट केंद्रीय पक्षाचे नेते. मग त्यांनी आमदारकी सोडली.

त्यानंतर गंमत झाली. २०१८ च्या प्रांतिक निवडणुकीत नव्या ब्रॅम्पटन ईस्टमधून त्यांचे भाऊ गुररतन सिंग एनडीपीतर्फे जिंकले. ब्रॅम्पटनच्या पाचपैकी तीन जागा त्या पक्षाला मिळाल्या. दुसऱ्याच वर्षी केंद्राची निवडणूक झाली. पक्षाचा नेता याच भागातून वर आलेला, तरी ब्रॅम्पटनच्या पाचही जागा लिबरलांना. ब्रॅम्पटन ईस्टमधून मनिंदर सिधू निवडून गेले. स्वतः जगमीत सिंग तोवर पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटिश कोलंबियातल्या बर्नबी साउथमधून खासदार झाले होते. २०२२ मध्ये ब्रॅम्पटनच्या विधानसभेच्या पाचही जागा डग फोर्ड यांच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांनी घेतल्या, गुररतन सिंग यांचीही जागा गेली आणि तिथे एनडीपीचा एकही आमदार उरला नाही. सिधू मात्र खासदार म्हणून २०२५ मध्येही निवडून आले.

तंतोतंत जुळणारे नकाशे हाही पूर्ण प्रांताचा नियम नाही. उत्तर ऑन्टारियोत माणसं विरळ आणि अंतरं अफाट. केंद्राने तिथल्या जागा घटवून दहावर आणल्या, पण प्रांताने २००५ मध्ये अकरा कायम ठेवायचं ठरवलं आणि २०१८ ला किवेटिनूंग आणि मश्केगोवुक–जेम्स बे या दोन आणखी वाढवल्या. म्हणून दक्षिणेच्या १११ आणि उत्तरेच्या १३ मिळून विधानसभेत १२४ जागा.

आणि सध्या दक्षिणेतही जुळत नाही. २७ फेब्रुवारी २०२५ ला प्रांताने जुन्याच नकाशावर मतदान घेतलं, तर २८ एप्रिलला केंद्राने नव्या. ब्रॅम्पटनमध्ये प्रांताच्या पाच जागा आहेत, केंद्राच्या सहा. सहावीचं नाव ब्रॅम्पटन–चिंगुआकूझी पार्क. ब्रॅम्पटन ईस्ट दोन्ही याद्यांत आहे, पण म्हणून आमदाराच्या ब्रॅम्पटन ईस्टमधलं घर खासदाराच्या ब्रॅम्पटन ईस्टमध्ये असेलच असं नाही. तिथे राहणाऱ्या आपल्या मराठी नातेवाइकाने आपला खासदार कोण आणि आमदार कोण हे शोधायचं, तर पोस्टल कोड दोनदा टाकावा लागतो: एकदा इलेक्शन्स कॅनडाकडे, एकदा इलेक्शन्स ऑन्टारियोकडे.